बारा टोपल्या

सडकेच्या कामावर सावली म्हणून एकच बाभळ होती आणि ती मुकादमाची होती. आसाराम मुकादम बुंध्याला सायकल टेकवून तिच्याखाली टॉवेल टाकून बसे. बाकीच्यांनी आपापला ढीग उन्हात घालायचा. चिंध्यांची चुंबळ करायची, तिच्यात दगड बसवायचा आणि वरून हातोडी मारायची. दगड फुटला तर खडी, निसटला तर बोट. बायकांच्या बोटांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या असायच्या. त्या पट्ट्यांखाली घाम साचून कातडी पांढरी पडायची आणि भाकरी थापताना झोंबायची.

मरियाचा नवरा आमोस वर खाणीत घण मारायचा. मरिया खाली खडी फोडायची. तीन काठ्यांच्या तिवईला तिनं धाकट्या शलमोनची झोळी टांगलेली असायची आणि झोळीची दोरी थोरलीच्या, कृपाच्या हातात. कृपाला सातवं लागलं होतं. बहात्तरचा पाऊस गेला तसा मिरजगावच्या रानात हिरवं काही उरलं नाही, आणि जी माणसं एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहिली नसती ती एका ओळीत दगड फोडायला बसली.

मरियाच्या शेजारचा ढीग गोजरबाईचा होता. गोजरबाई गावातली, बागाईत बघितलेली. विहिरीत खडक दिसायला लागला तेव्हा तिचा नवरा बैलं घेऊन छावणीवर गेला आणि ही पदरानं तोंड झाकून कामावर आली. आठ दिवस ती त्या पदराआडूनच हातोडी मारत होती. मग पदर आपोआप मागं गेला. घामानं कुणाचाच पदर टिकत नाही.

पहिल्याच आठवड्यात कृपाचा हात तिच्या घागरीला लागला. झोळीची दोरी ओढता ओढता पोर मागं सरली आणि तोल जाऊन तिनं घागरीचा काठ धरला, एवढंच.

"शिवलीस का गं? आगं शिवलीस!" गोजरबाई ताडकन उठली. तिनं घागर उचलली आणि सगळ्यांसमोर उपडी केली.

ओळीतल्या हातोड्या थांबल्या. शिवाशिवीचं कुणाला नवल नव्हतं. वस्तीवरच्या येशूवाल्यांच्या हातचं गावाला चालत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक. पण पाणी मुरमात जिरत होतं आणि सगळ्या बायका त्या ओल्या डागाकडं बघत होत्या. खुद्द गोजरबाईसुद्धा.

"लेकरू हाय, गोजराक्का," मरिया म्हणाली.

"मग लेकराला शिकवावं. मास्तरीनबाई म्हनवून घेती ना?"

मास्तरीनबाई हा टोमणा होता. मरिया लग्नाआधी नगरच्या बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकली होती, म्हणून वस्तीवरच्या मुलांची शब्बाथशाळा तिच्याकडं आली होती. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकलवर यायचे. उरलेल्या रविवारी मुलांना गीत शिकवायचं, प्रार्थना शिकवायची, गोष्ट सांगायची ती मरियानं. आता रविवारीही काम असायचं. म्हणून दुपारच्या सुट्टीत ती मुलांना खडीच्या ढिगाच्या बोटभर सावलीत बसवी आणि पाठीवरचा पदर डोक्यावर ओढून गोष्ट सांगे. तो तिचा हक्काचा वेळ होता. बाकीचा सगळा दिवस हातोडीचा, झोळीचा, चुलीचा. ह्या एवढ्या वेळात मात्र आपलं तोंड कोरडं पडलंय हेसुद्धा ती विसरायची.

त्या रविवारी तिनं पाच भाकरींची गोष्ट काढली. उपाशी पोरांपुढं भाकरीची गोष्ट काढू नये, हे तिला तेव्हा सुचलं नाही. उलट तिला वाटलं, पोरांची पोटं रिकामी आहेत, निदान कान तरी भरू देत.

"येशूच्या मागं माणसं आली. डोंगरावर. जत्रंत असत्यात तेवढी. दिवस कलला. कुनापाशी खायला न्हाई. फकस्त एका पोरापाशी शिदोरी हुती. पाच भाकरी आन् दोन मासं."

"मिलोच्या भाकरी?" एकानं विचारलं. रेशनवर तांबडा मिलो मिळत होता. दुसरं धान्य मुलं विसरली होती.

"जवाच्या."

"जव म्हंजी?"

"मिलोचा थोरला भाऊ," मरिया म्हणाली. पोरं हसली.

"आक्ख्या भाकरी का चतकोर?"

"आक्ख्या."

"एकट्याला पाच!" ते पोर पंजा पसरून बोटं बघायला लागलं.

मरिया रंगात आली. येशूनं भाकरी हातात कशी घेतली, वर बघून उपकार कसे मानले, मग ती कशी मोडली, एकाची दोन, दोनाची चार, आणि मोडेल तशी वाढतच कशी गेली, हे तिनं हातांनी करून दाखवलं. कुठल्या पोरानं किती खाल्लं, कुठल्या म्हातारीनं ओटीत किती घेतलं, सगळं सांगितलं. आणि शेवटी, "उरलेलं गोळा केलं तर बारा टोपल्या भरल्या! शिगोशीग!"

गोजरबाईची पुष्पावती, कृपाच्याच वयाची, आपल्या आईच्या ढिगाआड पाठ करून बसली होती. पाठ करून, पण मान वाकडी.

"मास्तरीनबाई," गोजरबाईनं आवाज दिला, "आमच्या पोरीच्या कानाला लावू नगा हं तुमचं."

"कान तिचं हायेत, आक्का. मी काय हाताला धरून बसवली न्हाई."

मुकादमानं शिट्टी मारली. झोळीत शलमोन रडायला लागला. मरिया उठून पदर खोचत होती तेवढ्यात कृपानं विचारलं, "आई, मंग त्या पोरानं खाल्लं का?"

"कोन्त्या पोरानं?"

"ज्याची शिदोरी हुती."

"खाल्लं की. सगळ्यांच्या आदी. ज्यानं दिलं त्याला काई कमी पडलं न्हाई." असं म्हणून मरियानं शलमोनला छातीशी घेतलं.

ते वाक्य तिनं घाईत सांगितलं होतं. घाईत, पण प्रेमानं.

दिवस पुढं गेले. ऊन चढत गेलं. पहाटे उठून मरिया मिलोच्या भाकरी थापायची. त्या तव्यावरच तडकायच्या. थापण्याआधी एक मूठ पीठ येशूच्या देवळासाठी गाडग्यात टाकायची रीत होती, सासूनं लावलेली. आता ती मूठ चिमटीवर आली होती, पण चुकली नव्हती. दुपारच्यासाठी ती आमोसला भाकर बांधायची, स्वतःला अर्धी, कृपाला चतकोर. शलमोन अंगावर पीत होता म्हणून तिला अर्धी. तिच्यातलाही तुकडा ती कृपाच्या चतकोरात सरकवायची.

सुट्टी झाली की कृपा आपली चतकोर घेऊन ढिगामागं पळायची. मरिया शलमोनला पाजायला घ्यायची आणि पाजता पाजता तिचे डोळे मिटायचे.

त्याच दिवसांत कृपाला काहीबाही गोळा करायचा नाद लागला. नारळाची करवंटी, रॉकेलच्या डब्याचं झाकण, मुकादमानं फेकलेलं तपकिरीचं डबडं, फुटक्या घमेल्याचा बुडखा. सगळं ती ढिगामागं ओळीनं मांडून ठेवायची.

"भातुकली मांडलीस व्हय गं?" मरियानं एकदा विचारलं.

कृपा नुसती हसली. मग म्हणाली, "आई, बारा म्हंजी किती? दोनी हातांची बोटं आन्?"

"आन् वर दोन."

"शलमोनची दोन घेतली तर?"

"तर व्हत्यात बारा."

कृपानं झोळीत हात घालून भावाची दोन इवली बोटं धरली आणि समाधानानं मान हलवली.

संध्याकाळी काम सुटलं की आमोस खाणीतून खाली यायचा. पांढऱ्या धुळीनं भुवया पिकल्यासारख्या दिसायच्या. कृपाला तो खांद्यावर घ्यायचा. एका संध्याकाळी त्यानं तिला उचललं आणि मधेच थांबला.

"पोर लई हलकी लागती गं."

"सगळीच हलकी झाल्यात," मरिया म्हणाली. "तुमी तरी कुटं जड हायसा?"

"मी जड हाय. दगुड खातोय मी रोज." कृपा खांद्यावर खिदळली. मरियानं त्या रात्री तिच्या ताटलीत आणखी एक तुकडा टाकला आणि मनाची समजूत घातली.

चैत्र लागता लागता टँकरचं पाणी गढूळ यायला लागलं. अर्ध्या वस्तीला जुलाब लागले. बाकीची पोरं दोन-तीन दिवसांत उठून बसली. कृपा उठली नाही. तशीच ती कामावर यायची, झोळीची दोरी हातात घेऊन झोळीलाच टेकून बसायची. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती.

मरियानं शेवटी शेजारी विचारलं, "गोजराक्का, तुमी समूर बसता. माझा डोळा लागतो. पोर खाती का ओ दुपारची?"

गोजरबाईची हातोडी दगडावरून निसटली. तिनं बोट तोंडात घातलं. मग दुसरीकडं बघत म्हणाली, "मी काय तुझ्या पोरीचं घास मोजत बसती व्हय?"

दवाखान्यात आमोसनं कृपाला उचलूनच नेलं. डॉक्टरनं कृपाची पापणी खाली ओढली, दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"जुलाब आहेत ते आहेतच. पण हिला खायला देत नाही का तुम्ही?"

"देती की, साहेब." मरियाचा आवाज चढला. "माझ्या तोंडातलं काडून देती."

डॉक्टर काही बोलला नाही. असं म्हणणाऱ्या आया त्यानं त्या साली पुष्कळ पाहिल्या असणार. त्यानं पुड्या बांधून दिल्या. एस्टीच्या बाकावर मरियाला त्याचं ते न बोलणंच टोचत राहिलं. खोटारडी ठरवलं त्यानं, ती आमोसला सारखं म्हणत होती, मला खोटारडी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृपानं पाणी मागितलं. दोन घोट घेतले. म्हणाली, "आई, टोपल्या तितंच ऱ्हायल्या."

"कोन्त्या टोपल्या, माझ्या बाई? आनू की उद्या."

"कुनी उचलतीन."

"न्हाई उचलत."

दिवस छपरावर यायच्या आत ती गेली. मरियाला वाटलं झोपली.

वस्तीच्या मागं ख्रिस्तवाशांना पुरायची जागा होती. आमोसनं कुणाला पहार दिली नाही. रोज खडक फोडणारा माणूस, पण तो एवढासा खड्डा त्याला उरकेना. मुरूम वाजत होता. पाळकसाहेब घामानं भिजलेला सदरा घालून पुस्तक उघडून उभे होते आणि आमोस खालून म्हणत होता, "थांबा, साहेब. वाईच आनि. तिला पाय पसरायची सवं हाय."

माती सुकायच्या आत दोघं पुन्हा कामावर गेली. घरी बसून चूल पेटत नव्हती.

मरिया आपल्या ढिगाशी बसली. झोळीची दोरी तिनं पायाच्या अंगठ्याला बांधली. हातोडी मारायची, अंगठा हलवायचा. दुपारची शिट्टी झाली. अर्धी भाकर तिनं सोडली आणि सवयीनं तिची चतकोर मोडून हात बाजूला केला. हात तसाच राहिला.

मग तिला टोपल्यांची आठवण झाली. 'आनू की उद्या' म्हणाली होती ती. ती उठून ढिगामागं गेली.

करवंटी, झाकण, डबडं, घमेल्याचा बुडखा, सगळं ओळीनं मांडलेलं होतं. आणि त्या ओळीसमोर पुष्पावती मांडी घालून, हात जोडून, डोळे घट्ट मिटून बसली होती.

"पुष्पे," मरियानं हळूच विचारलं, "काय करती गं?"

"किरपी आली का?" पोरीनं डोळे उघडले नाहीत. "डोळं मिटल्याबिगर देत न्हाई ती."

"काय देत न्हाई?"

"भाकर." आता तिनं एक डोळा किलकिला केला. मरियाला बघून दोन्ही उघडले. "आदी उपकार म्हनायचं. मंग मोडायची. मंग मी खायची."

मरिया खाली बसली. "निम्मी निम्मी का गं?"

"न्हाई. मला सगळी. ती म्हनायची माझी मागनं येती. ह्या भरल्या की." पुष्पीनं ओळीकडं बोट केलं. "बारा झाल्या की भरत्यात म्हनायची. अजून एक कमी हाय. मी आनलंय." तिनं परकराच्या ओच्यातून मातीच्या पणतीचं खापर काढलं आणि ओळीच्या शेवटी ठेवलं.

गोजरबाई ढिगाला वळसा घालून आली होती. पोरीचा दंड धरायला ती वाकली, पण मरियाचं तोंड बघून तिथंच उभी राहिली.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली.

मरियानं वर पाहिलं.

"पयल्याच दिशी बघितलं. उठले, म्हनलं कानफाड फोडावं हिचं, कुनाच्या हातचं खाती. तर पोर चावत हुती. दोन दिसांनी काईतरी चावत हुती." गोजरबाईचा आवाज हातोडीसारखा निसटत होता. "मी फिरून जाग्यावर बसले. रोज पाठ करून बसायची. तू इचारलंस तवा जिभंवर आलं हुतं. पर सांगितलं असतं तर सगळ्या ओळीला कळलं असतं आमची पोर कुनाचं खाती. आन् तू दुसऱ्या दिशी बंद केलं असतंस. दोनी बी हुतं माझ्या मनात. एक न्हवं."

मरियाच्या तोंडातून शिवी यायला हवी होती. गोजरबाई त्या शिवीसाठीच थांबली होती. पण मरियाच्या डोक्यात तिचं स्वतःचंच वाक्य ठोके घालत होतं. ज्यानं दिलं त्याला काई कमी पडलं न्हाई. तिनं चतकोर पुष्पीच्या हातात दिली नाही, तोंडातही घातली नाही. मुठीत घेऊन ती आपल्या ढिगाशी जाऊन बसली.

संध्याकाळी घरी आल्यावर उजेड होता तोवर तिनं पुस्तक उघडलं. आमोस उंबऱ्यात बसून तळहाताचे फोड फोडत होता. तिनं ती गोष्ट एकदा वाचली. पुन्हा वाचली. बोट ठेवून वाचली.

"काय हुडकती?"

"ते पोर."

"कोन्तं?"

"भाकरीवालं. येशूपाशी आनलं, एवडंच हाय. फुडं त्याचं कायच न्हाई. खाल्लं का, उपाशी ऱ्हायलं, घरी गेलं का. कायच न्हाई. मी माझ्या मनानं सांगितलं पोरीला. खाल्लं म्हनले. सगळ्यांच्या आदी म्हनले."

आमोसला वाचता येत नव्हतं. "सगळी माणसं पोटभर जेवली, असं हाय नव्हं त्यात?"

"व्हय."

"सगळ्यांत पोर आलंच की."

"पोराचं नाव न्हाई, आवो."

"आपल्या पोरीचं तरी कुटं लिवलंय," आमोस म्हणाला आणि बाहेर तोंड करून बसला. त्याची पाठ हलत होती.

रविवार आला. दुपारची शिट्टी झाली. मरिया जागची उठली नाही. तिनं ठरवलं होतं, आता नाही. पण वस्तीवरची पोरं येऊन ढिगाच्या सावलीत बसली. कृपाची जागा त्यांनी सोडली होती. एकानं गीत सुरू केलं, दुसऱ्या ओळीला ते अडलं, आणि सगळी मरियाकडं बघायला लागली. तिला तीच ओळ येत होती. तिनं ती म्हटली. म्हटल्यावर उठावं लागलं.

पुष्पी आपल्या आईच्या ढिगाआड बसली होती. आज तिनं पाठ केली नव्हती. मरिया कुठली गोष्ट काढावी म्हणून घुटमळली, तेवढ्यात तिकडूनच तिनं मोठ्यांदा विचारलं, "मावशी, त्या पोरानं खाल्लं का मंग?"

ओळीतल्या बायकांनी माना वळवल्या. मावशी म्हणाली पोर, सगळ्यांनी ऐकलं. गोजरबाईनं खालीच बघत चुंबळीत दगड बसवला, पण मारला नाही.

मरियानं पदर डोक्यावर ओढून घेतला. "न्हाई ठावं," ती म्हणाली. "लिवलेलं न्हाई. मी मागं सांगितलं ते माझ्या पदरचं हुतं."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"एवडं खरं, की येशूनं त्याची भाकर घेतली तवा तिला हलकी म्हनला न्हाई. सगळ्यांसमूर हातात धरली आन् उपकार मानलं." वाऱ्यानं खडीची भुकटी उडत होती. "आनि त्या पोराला आई असंल. तिनं पहाटं उठून बांदून दिली असंल शिदोरी. त्याच्यापुरतीच. कारन तेवडंच पीठ असंल. ती दिवसभर म्हनत असंल, जेवला असंल आता माझा बाबा. तिचं बी लिवलेलं न्हाई."

"मंग घरी गेल्यावं तिनं त्याला दुसरी दिली असंल," पुष्पी म्हणाली.

मरियानं आपली अर्धी भाकर काढली. ढिगामागं जाऊन ती ओळीतली करवंटी घेऊन आली. तिनं ती पदरानं पुसली. वर बघून ओठ हलवले. भाकर मोडून तिनं चतकोर करवंटीत ठेवली आणि सगळ्या ओळीच्या देखत दोन ढिगांमधलं अंतर चालून गेली.

पुष्पीनं आईकडं पाहिलं. मुकादमानं बाभळीखालून मान वर केली. गोजरबाईनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पुढं सारलं.

पुष्पीनं हात जोडले, डोळे मिटले, उघडले. चतकोर घेतली आणि तिचे दोन तुकडे करायला लागली. मोठा तुकडा तिनं मरियाकडं धरला.

"न्हाई," मरिया म्हणाली. ती तिच्यासमोर मुरमात बसली आणि तिनं पोरीची ती मूठ आपल्या ट्यूबच्या पट्ट्या बांधलेल्या बोटांनी मिटवली. "ह्यातली कुनाला देऊ नगंस. मला बी न्हाई. खा. इतं, माझ्यासमूर खा. मी बघती."